दिगूनं न उचललेला भंडारा

दिगू टेलर गेल्याचं मला माझ्याच ब्लाउजच्या कापडावरून कळलं. शेजारची सून मिरजेला निघाली होती. तिला म्हटलं, बाई, येताना दिगूच्या दुकानातून माझा ब्लाउज घेऊन ये, आठ दिवसांत देतो म्हणाला होता. ती परत आली ती कापडाची घडी घेऊन. कात्री न लागलेली, मी दिली होती तशीच्या तशी, वर टाचणीनं टोचलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर दिगूच्या हातचं माझं माप. म्हणाली, "आजी, ते टेलर आजोबा गेले की. दहावा बी झाला." घडी मांडीवर ठेवून मी बसून राहिले. खरं तर रडू यायला हवं होतं. पण लपवून काय करू, पहिल्यांदा मनात आला तो संशय... दोन वर्षांमागं घरी आला तेव्हा ह्यानं मला जे सांगितलं, ते खरंच होतं ना? ऐंशीच्या घरातला माणूस जगातून गेला आणि मी अजून त्याची उलटतपासणी घेत बसले होते. त्याचीच एकट्याची. ते माझं मलाच लागलं, म्हणून आज महिन्याभरानं लिहायला बसले आहे. मी शाळा पाहिलेली नाही. पुड्यांच्या कागदावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, तेव्हा पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. नवऱ्यानं मला नांदवलं नाही म्हणून मी सांगलीला थोरल्या भावाकडे, आण्णाकडे, राहायला आले होते. आण्णा मिल्ट्रीतून आलेला, साखर कारखान्याच्या गेटवर नोकरीला. मिशीला पीळ, बूट आरशासारखे. लग्न केलेलं नव्हतं. लोकांना सांगायचा, आधी बहिणीचं बघायचंय. लोकांना पटायचं, मला पटायचं नाही, पण मी त्याच्या घरात त्याचं अन्न खात होते. दर रविवारी दुपारी त्याचे दोस्त जेवायला यायचे. कडेगावचा सर्जेराव, घरचा ऊस, तालमीत घुमलेलं अंग, फटफटीवरून यायचा. मूळचे साताऱ्याचे, सांगलीच्या शाळेत शिकवणारे एक मास्तर, शांत, चष्मा पुसत बसणारे. आणि दिगू, आमच्याच पेठेत बायकांचे ब्लाउज शिवणारा. ही माणसं एकमेकांची कोण होती हे मला कुणी सांगितलं नाही. रविवारमागून रविवार भाकरी थापता थापता माझं मलाच कळत गेलं. आता त्याला चांगले शब्द आहेत, पेपरात छापून येतात. तेव्हा आमच्याकडे एकच होता आणि ती शिवी होती, बायल्या. ती शिवी गल्लीतली पोरं दिगूला द्यायचीच. पण त्यांच्यापेक्षा जास्त वेळा मी ती माझ्या घरात, ह्या तिघांच्या तोंडून ऐकली.

दिगूचं चालणं तसं होतं, बोलताना हात तसे फिरायचे. डोळ्यांत काजळाची बारीक रेघ. हसताना तोंडावर हात घ्यायचा. दिगूनं पुढच्या दारानं यायचं नाही, परड्यातून यायचं, असा नेमच ठरला होता. आणि त्याच्या वहाणा दारात दिसायला नकोत. नाजूक पट्ट्यांच्या, अंगठ्यावर लाल गोंडा असलेल्या त्या वहाणा सगळी पेठ ओळखायची. बाकीच्यांचे बूट-वहाणा दारासमोर ऐटीत, आणि दिगूच्या उचलून आत स्वयंपाकघरात, ज्वारीच्या डब्यामागे ठेवायच्या हे माझं काम. आण्णानं एकदाच सांगितलं, मी रोजच्या कामासारखं करत राहिले. कधी वाटलं नाही की माणसाला आत घेतो आणि वहाणा लपवतो, हे कसलं आदरातिथ्य.

एकदा आण्णानं मनावर घेतलं की ह्याला चालायला शिकवायचं. मास्तरांनी साताऱ्यात घर बांधलं होतं, वास्तुशांतीला सगळ्यांनी जायचं होतं आणि दिगूला टाळता येत नव्हतं, कारण मास्तरांच्या बायकोचे ब्लाउज तोच शिवायचा. मग काय, परड्यात कवायत सुरू. आण्णा छाती काढून लेफ्ट-राईट ओरडतोय आणि दिगू शेवग्यापासून संडासापर्यंत चालतोय. खांदे ताठ केले की कंबर सुटायची, कंबर धरली की हात सुटायचे. सर्जेराव हसून हसून बाजेवरून खाली आला. आण्णा चिडला, स्वतः चालून दाखवायला लागला. दिगूनं दोन फेऱ्या बघितल्या आणि शांतपणे म्हणाला, "आण्णा, तुमची कंबर बी हालतीय की. बूट जड हायत म्हणून दिसंना, एवढंच." मी भाकरी करपवली त्या दिवशी.

साताऱ्याच्या एसटीत त्याला मागच्या बाकावर बसवलं. आम्ही पुढे, जणू ओळखच नाही. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा चहाच्या गाड्यापाशी चार टवाळ पोरं दिगूच्या मागे लागली. शीळ घाल, चालण्याची नक्कल कर. दिगू कप हातात धरून उभा. त्यानं एकदाच आमच्याकडे बघितलं. आण्णानं एसटीची पाटी वाचायला घेतली. मास्तर चष्मा पुसायला लागले. आणि सर्जेराव... जो आठवड्यातून दोनदा फटफटी लांब लावून, चालत दिगूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जायचा, तो सर्जेराव त्या पोरांबरोबर हसला. मोठ्यानं हसला. दिगूनं कप ठेवला, बाकावर जाऊन बसला आणि साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, आता हा रविवारी येत नाही. आला. परड्यातून, वहाणा हातात घेऊन. त्या दिवशी त्याला चहा देताना मी विचारलं, का रं येतोस अजून? तर म्हणाला, "अक्का, ह्यांना मी लागतो. माझ्याकडं बोट दावलं की ह्यांच्याकडं कुणाची नजर जात न्हाई. लपायला आडोसा हाय मी त्यांचा. आणि मला तर आडोसाबी न्हाई. ह्या चार भिंती सोडून मी बसू कुठं?"

पुढच्या उन्हाळ्यात सर्जेरावाची सोयरीक ठरली. मुलगी वाईकडची. घरच्यांनी घाई केली होती. आण्णानं मला बजावलं, दिगूला ह्यातलं काही कळू द्यायचं नाही, तो रडून-भेकून तमाशा करील, लग्न होऊन गेल्यावर बघू. सर्जेरावानं मास्तरांनाही तेच सांगितलं. मुलीच्या गावचा पत्ता मास्तरांनाही नव्हता, फक्त आण्णाला होता, कारण सुपारीला सर्जेरावाबरोबर आण्णा जाणार होता. पण त्याच्या तोंडावर मला कधी लग्नाची कळा दिसली नाही. आण्णाला हे लग्न नको होतं. का नको होतं ते मी बहीण होते, मला दिसत होतं... तेवढंच लिहिते.

सुपारीच्या आधी आठ दिवस मुलीच्या बापाला एक निनावी पत्र गेलं. पाकीट नाही, साधं उघडं कार्ड, म्हणजे पोस्टमनपासून पाटलापर्यंत सगळ्यांनी वाचलं. तुमच्या जावयाला बायको नको आहे, सांगलीत जाऊन चौकशी करा, अशा मतलबाचं. सोयरीक मोडली. सर्जेरावाच्या बापानं त्याच्या अंगावर काठी टाकली म्हणतात. पुढच्या रविवारी तो आला तो डोळे लाल करून, आणि नाव एकच घेत आला. कुणी वेगळं नाव सुचवलंसुद्धा नाही. मास्तर म्हणाले, बायकी माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही. आण्णा उठला. देव्हाऱ्यातली पितळेची वाटी उचलून आणली, पालीच्या खंडोबाचा भंडारा होता तिच्यात, त्यावर बेलाचं पान ठेवलं आणि पाटावर मांडली. आमच्याकडे बेल-भंडार हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही. बोलला तर त्याचं घर बसतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

दिगू परड्यातून आला. त्याला काहीच ठाऊक नसावं, कारण आल्या आल्या मला म्हणाला, आज आमटीला वास लय झ्याक सुटलाय. सर्जेरावानं त्याला पाटापुढे बसवलं, लग्नाचं आणि कार्डाचं सांगितलं, आणि म्हणाला, "उचल भंडारा. म्हण, मी लिव्हलं न्हाई." दिगूचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला नव्हता. त्यानं एकेकाकडे बघितलं, आण्णाकडे जरा जास्त वेळ. मग चुलीपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे. आणि म्हणाला, "आदी तुमी तिघं उचला. मग मी उचलतो."

वाटीला कुणी हात लावला नाही. सर्जेराव गरजला, आमी कशाला, आमी काय बायल्या हाय व्हय? दिगू उठला. ज्वारीच्या डब्यामागून स्वतःच्या वहाणा काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या पुढच्या दारानं बाहेर पडला. सर्जेराव म्हणाला, बघितलं, चोराच्या अंगाला कसा घाम सुटला ते. घाम मी तर बघितला नव्हता. पण मीही मान डोलावली.

आता माझं सांगते. त्याच्या दहा-बारा दिवस आधी आण्णानं माझ्या हातात एक लिहिलेलं कार्ड दिलं होतं. कारखान्याचं काम आहे, बाजारात जातेस तर पेटीत टाक. मला वाचता येत नव्हतं, मी टाकलं. आण्णा कधी कुणाला पत्र लिहायचा नाही. पाटावर ती वाटी मांडली तेव्हा ते कार्ड मला आठवलं, झर्रकन आठवलं. संशय घ्यायला दोन माणसं होती. एक मला जेवू घालणारा आणि एक परड्यातून येणारा. मी परड्यातल्याचा घेतला. इतकंच नाही, दिगूनं शपथ घेतली नाही हे पाणवठ्यावर चार बायकांना मीच सांगितलं. कशाची शपथ ते सांगितलं नाही. त्याची गरजही पडली नाही. दोन महिन्यांत त्याच्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या बायका थांबल्या. तो सांगली सोडून मिरजेला गेला. रविवार बंद झाले. सर्जेरावानं पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न केलं. आण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला, पण देव्हाऱ्यातल्या त्या वाटीला त्यानं परत हात लावलेला मी पाहिला नाही. जाताना काही बोलला नाही. त्याची ट्रंक मी तळापर्यंत शोधली. बूटपॉलिशची डबी आणि सर्जेरावाचा तालमीतला एक फोटो, बस.

दोन वर्षांमागे माझ्याच्यानं राहवेना. मिरजेला जाऊन दिगूला शोधलं, ब्लाउजचं कापड पुढे केलं, आणि म्हटलं, घरी ये. रविवारी आला. वाकलेला, केस पांढरे, पण काजळाची रेघ तशीच. आता परड्याकडे मोठा रस्ता झालाय, तरी हा त्याच बाजूनं आला, वहाणा हातात घेऊन, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन ज्वारीचा डबा शोधायला लागला. डबा कधीच गेला होता. मी त्याच्या हातातून वहाणा घेतल्या आणि पुढच्या दारात नेऊन ठेवल्या, रस्त्याकडे तोंड करून. तो संशयानं बघत राहिला. बोलताना तीनदा उठून खिडकीतून डोकावला. म्हणाला, कोण नेईल का, अक्का?

मग मी विचारलं, दिगू, तवा भंडारा का उचलला न्हाईस?

तो हसला. तोंडावर हात घेऊन. "अक्का, सर्जाची सोयरीक ठरलीय हेच मला तुमी कुणी सांगितलं नव्हतं. मग मुलीच्या गावाला कार्ड कुठनं धाडू? त्याच दिवशी सगळ्यांसमोर एवढं एक बोललो असतो तर सुटलो असतो. पण मग पुढचा सवाल, पत्ता कुणाला ठाऊक हुता? आण्णांनी खोटा भंडारा उचलला नसता, देवाला लय भ्यायचे. सर्जानं त्यांचं घर मोडलं असतं, नोकरी घालवली असती. मग तुमी कुठं गेला असता? तुमच्याकडं बघितलं मी तवा. तुमी तिथं चुलीपाशी उभ्या."

मी त्याला कार्डाचं सांगितलं नाही. ब्लाउज तेवढे टाकत राहिले, दोन वर्षं, गरज नसताना. आणि तो गेल्यावर, तुम्हाला सांगते, मन परत सुरू झालं... कशावरून? त्याचाच एकट्याचा शब्द ना? आण्णा तर बोलला नाही. मग माझं मलाच कळलं की सगळे गेल्यावरसुद्धा मी भंडारा त्याच्याचपुढे मांडून बसलेय. कार्ड पेटीत टाकणारा हात कुणाचा होता, हे त्याला ठाऊक नव्हतं, पण मला होतं.

मागच्या सोमवारी मी देव्हाऱ्यातली वाटी काढली. भंडारा वाळून घट्ट झाला होता, बोटानं फोडला. बेलाचं पान ठेवलं, तळहातावर घेतलं आणि मोठ्यानं म्हटलं, कार्ड आण्णानं दिलं, पेटीत मी टाकलं, आणि दिगूचं नाव चार बायकांत मी घालवलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं. शेजारची सून ताक द्यायला आली तेव्हा हात अजून पिवळाधमक होता. म्हणाली, आजी, आज कसला सण?

म्हटलं, सण नाही बाई. तिघांनी आधी उचलायचा होता. मी चौथी तिथंच उभी होते, माझा नंबर राहिला होता.