द्वंद्वातला तिसरा

महाल भागातल्या पानठेल्यावर कोणी सहज म्हणालं, "मनात द्वंद्व चाललंय," की लोखंडेजी पान चघळायचे थांबत. "दुसरा कुठी आहे गा? एकट्यानं द्वंद्व होत नाही," असं म्हणून त्या अनोळखी माणसाची शिकवणीच सुरू करत.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं एका शब्दकोशाच्या कचेरीत होतो. 'द' त्यांच्याकडे होता. 'द्वंद्व' या एका शब्दासाठी त्यांनी सहा वर्षं जुन्या पुस्तकांतल्या दाखल्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. मुळात अर्थ नुसती जोडी. मग बरोबरीच्या दोघांनी समोरासमोर लढणं. आणि आपल्या काळात उरली ती मनातली घालमेल. याचा त्यांना खरोखरच राग यायचा. "मैदान सोडून शब्द घरात येऊन बसला," म्हणत. लढाईचे रिवाजही त्यांना तोंडपाठ होते. "तिसऱ्यानं मधात पडू नाही. पण पाह्यलं ते खरं सांगावं. त्याच्यासाठीच तर तो उभा राह्यते."

एका दुपारी 'द'ची प्रूफं आली. 'द्वंद्व'च्या नोंदीखाली संपादकांचं नाव होतं. लोखंडेजींनी आरडाओरडा केला नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पैजेचा विडा संपादकांच्या टेबलावर ठेवला.

"नोंद तुमची असंन तर उचला हा. कोणती चिठ्ठी कुठून आणली ते सगळ्यायसमोर तुम्ही सांगा, मीबी सांगतो."

संपादकांनी विडा उचलला, तोंडात घातला आणि म्हणाले, "चुना जास्त झाला हो." कचेरी हसली. मीही हसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

लोखंडेजी माझ्याकडे वळले. "तू माह्या बाजूले बसतं. सांग ना गा, कोणं लिहिलं हे?"

"दोघांच्या मधात मी कशाला पडू?" मी म्हणालो. त्यांचाच रिवाज, तोही अर्धा, मी त्यांच्या तोंडावर फेकला. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. पुढच्या महिन्यात ती झाली. लोखंडेजी त्या दिवसानंतर कचेरीत आले नाहीत.

खंड छापून निघाला तोवर ते वारले होते. एक प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, ओले हात पदराला पुसून ती घेतली.

"भाऊ, यायचं नाव कोणत्या पानावर आहे?"

"कोशात नावं छापत नाहीत, काकू."

त्यांनी मान हलवली आणि पुस्तक देवासमोर ठेवलं. त्याच्या पहिल्याच पानावर साहाय्यकांच्या यादीत माझं नाव होतं. काकूंना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं.