रुमालाखालचा हात

निपाणीच्या जनावरांच्या बाजारात माझ्या उजव्या हाताला मान होता. बाकीच्या मला फारसा नव्हता.

बैलाचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव चढवायचा. सौदा ठरला की ठरला. मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही! माझा हात म्हणजे दगड. समोरच्याला शेवटपर्यंत थांगपत्ता लागायचा नाही. (घरात बायको हेच वेगळ्या सुरात म्हणायची, "दगूड हाय नुसता!")

पण त्या साली मी जरा जास्तच दगड झालो. गळा सुजला, ऐन चैत्रात घोंगडं पांघरू लागलो, जेवता जेवता घोरू लागलो. शेवटी बायकोनं मला बेळगावात कॅम्पातल्या डॉक्टरापुढं नेऊन उभं केलं. गळ्यातली ग्रंथी आळसावलीय म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या, मेंढीच्या ग्रंथीपासून केलेल्या!

"रोज अर्धी," डॉक्टर म्हणाले. "अर्धीच!"

अर्धीनं घोंगडं सुटलं. मग म्हटलं, अर्धीनं एवढं, तर दोननं काय होईल? अख्ख्या मेंढ्या पचवलेला माणूस मी, दोन गोळ्यांना भिणार होय!

आणि काय सांगू महाराज! कोंबड्याला मी उठवायला लागलो. साऱ्या गल्लीचं पाणी एकट्यानं भरलं. भाकरी तव्यावरनं उतरली की थेट पोटात! फक्त बशीतला चहा तोंडापर्यंत येईतो निम्मा धोतरावर सांडायचा.

"अवो, हात कापतोय तुमचा!"

"कापत न्हाई गं, अंगात जोर मावंना झालाय!"

अशात मेहुणा आला. ऐन पेरणीच्या तोंडावर त्याचा एक बैल मेला होता. कनवटीला होतं नव्हतं तेवढं बांधून आणलेलं.

"दाजी, एवढंच हाय बगा. पेरणी तुमच्या हातात."

"अरं, ह्यो हात हाय तवर तुला रं कसली काळजी?"

बाजारात चिकोडीकडचा एक कानडी शेतकरी पांढराशुभ्र बैल घेऊन उभा होता. रुमाल पडला. मी एक बोट दाबलं आणि गप्प राहिलो. निदान मला तसं वाटलं! बोटं आपली आतल्या आत थडथडत होती आणि तो प्रत्येक थडथडीला भाव चढला असं समजत होता. आधी त्याचा चेहरा उजळला, मग डोळे मोठे झाले, मग बहुतेक त्याला माझी दया आली.

"कोट्टे, आप्पा, कोट्टे! दिला बैल!"

त्यानं ठरलेला भाव आम्हा दोघांच्या कानात सांगितला. तेवढ्या पैशांत बैलांची जोडी आली असती, वर गाडीही! मेहुण्यानं कनवट चाचपून बघितली.

"पेरणी गेली की वो, दाजी!"

हात कापतो म्हणावं, तर जन्माचा मान मातीत. न म्हणावं, तर ह्याचं शेत पडीक. बाजार गोळा झाला. आठवडी बाजाराला आलेली बायकोही भाकरीचं गाठोडं घेऊन पुढं आली.

"बोला की! माज्या भावानं आता काय पेरायचं?"

भावाकडं बघून तिचे डोळे भरले होते. ते काही मला बघवेना.

"पावणं," मी म्हटलं, "तुमचा हात ऱ्हाऊ द्या. आता टाका रुमाल माझ्या एकट्याच्या हातावर."

रुमाल पडला आणि एकटाच नाचू लागला!

अर्धीच्या जागी दोन गोळ्या खात होतो, हेही मी कबूल केलं आणि सारा बाजार हसून लोळला. तो शेतकरी डोळे पुसत म्हणाला, "अय्यो! मला वाटलं, ह्यो माणूस येडा तरी हाय न्हाई तर राजा तरी!" मग त्यानंच निकाल दिला, "ह्यो सौदा आप्पानं केलाच न्हाई. गोळीनं केला!" आणि रास्त भावात बैल मेहुण्याच्या हवाली केला.

पेरणी वेळेवर झाली. बैल अजून नांगर ओढतोय आणि माझा हात पुन्हा दगड झालाय. पण अजूनही बाजारात कुणी माझ्यापुढं आलं, की रुमाल टाकायच्या आधी विचारतं, "आप्पा, गोळी किती?"

आणि मी मिशीला पीळ भरून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगतो, "अर्धी!"