साहेबाचं पान

नारायण पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी वैजनाथचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. कुकरची झाकणं, शिट्ट्या आणि रबरी रिंगा यांच्या मधोमध वैजनाथ बसतो, आणि डोक्यावर पाटी: ‘कुकर दुरुस्त करून मिळेल. डाळ का शिजत नाही हे डाळवाल्याला विचारावे.’ साठी उलटून चार वर्षं झाली तरी माणूस रोज सकाळी कर्वेनगरहून बसने येतो. असा हा वैजनाथ मागच्या मे महिन्यात पाण्याखाली बुडालेलं विमान बघून आला. गिऱ्हाइकांना अजून खरं वाटत नाही, आणि त्यालाही अधूनमधून वाटत नाही.

त्याचं असं झालं. वैजनाथची आई, द्वारकाबाई, डोणवाडीची. गावाशेजारी इंग्रजांच्या वेळचा मोठा तलाव. ती सात वर्षांची असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, शेळ्या राखता राखता तिने एक विमान तलावात पडताना पाहिलं. आवाज बंद पडलेलं, घारीसारखं तरंगत आलं, पाण्याला पोट घासलं आणि बघता बघता गडप. तिचे वडील, आबा, कमरेएवढ्या पाण्यात शिरले. ते म्हणायचे, लांब एक डोकं दिसलं, मग दिसलं नाही. तेवढ्यात लष्कराची गाडी आली, गावाला काठावरून हुसकलं, आणि पुढे काय झालं ते कोणी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

त्या वर्षी पितृपक्षात वडिलांनी एक पान जास्त मांडलं. म्हणाले, गोरा साहेब आपल्या गावच्या पाण्यात गेला, त्याचं इथे दुसरं कोण आहे? द्वारकाबाई एकुलती एक, म्हणून वडिलांमागे ती चाल तिने सासरी आणली. सासूने विचारलं होतं म्हणे, की बाई, या पितराचं गोत्र काय सांगायचं? द्वारकाबाई म्हणाल्या, “विमान.” सासूला हसू आवरेना, आणि हसली म्हणजे परवानगी मिळाली. तेव्हापासून दर वर्षी साहेबाचं पान. त्याला तिखट सोसायचं नाही म्हणून आमटी वेगळी, फिकी. कावळा पहिल्यांदा त्याच पानाला शिवायचा. साहेब तृप्त आहे, असं द्वारकाबाई म्हणत. वैजनाथची बायको राधा म्हणे, कावळ्यालाही तिखट सोसत नसेल.

ऐंशी वर्षं हे सुरळीत चाललं. मग पाण्यात बुड्या मारायला शिकवणाऱ्या कुठल्याशा क्लबाला डोणवाडीच्या तलावात ते विमान सापडलं, आणि त्याची चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. त्यात एक जण म्हणाला, वरचं काचेचं झाकण मागे सरकवलेलं आहे, तेव्हा वैमानिक बहुधा वाचला असावा.

द्वारकाबाईंनी हे ऐकलं आणि हातातला चहा तसाच ठेवला. वाचला असावा म्हणजे? म्हणजे जिवंत माणसाच्या नावाने आपण ऐंशी वर्षं पितरांचं पान वाढलं? याहून मोठं अपशकुनाचं काम नाही. तो बिचारा आपल्या देशात सुखाने नांदत असेल आणि इथे आम्ही दर भाद्रपदात त्याला मारत होतो. बाईंची अन्नावरची वासना उडाली. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी दोन घास कमी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वैजनाथने समजूत घालायचा यत्न केला, की आई, तो तेव्हा पंचविशीचा धरला तरी आता शंभरी ओलांडली असती, काहीही असलं तरी आता गेलाच असेल. त्यावर आई म्हणाल्या, “आता गेला असेल. पण त्या वर्षी? त्याच्या पुढच्या वर्षी? वर गेल्यावर तो मलाच विचारेल ना, बाई, मी धडधाकट असताना मला कावळ्यापुढे का मांडलंस?”

चित्रफीत पुन्हा दाखवली तर आईंचा तिच्यावर विश्वास नाही. मोबाइलवर काय वाटेल ते दाखवतात. श्राद्ध घरचा मुलगा करतो, तर बघायलाही घरच्याच मुलाने जायला हवं. भाद्रपदाच्या आत निकाल लागला पाहिजे.

“आई, तिथे कोणी नसेल आता.”

“मग कोणी नाही, असं बघून ये.”

झालं. वैजनाथ त्या क्लबात गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं आणि जा म्हणाले, याचंच त्याला आश्चर्य. राधा म्हणाली, जन्मभर लोकांच्या कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त केल्यात, आता स्वतःची वाजवून घ्या. शिकवायला चैताली नावाची तिशीतली मुलगी. तिने कर्वेनगरच्याच एका पोहण्याच्या तलावात त्याला उतरवलं.

आणि तिथेच सगळा घोळ. वैजनाथ लहानपणी सुट्टीत आजोळच्या विहिरीत पोहायला शिकला होता. विहिरीचा कायदा एकच: बुडी मारली की तोंड मीट, दम धर. आजोबांनी पाठीत गुद्दे घालून तो कायदा अंगात मुरवला होता. आणि ही मुलगी सांगत होती, की पाण्याखाली दम धरायचाच नाही. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडातल्या नळीने घेत राहायची आणि सोडत राहायची. दम धरून वर आलात, तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं.

वैजनाथला कळायचं सगळं, पण पाणी कानावरून गेलं की तोंड आपोआप मिटायचं. जिथे श्वास घेतला तर माणूस मरतो तिथे ही श्वास घे म्हणते, आणि जे केल्याने माणूस वाचतो त्याने म्हणे मरतो. चैताली पोटात बोट खुपसायची की एक श्वास. पुन्हा खुपसायची की दुसरा. असं बरेच दिवस चाललं. शेवटी ती म्हणाली, “काका, तुम्ही दुकानात दम धरून बसता का? नाही ना? मग इथेही दुकानात बसल्यासारखे बसा.” हे मात्र लागू पडलं. वैजनाथने मनातल्या मनात कुकर खोलायला घेतला आणि श्वास चालू झाला.

मे महिन्यात तलावाचं पाणी खाली गेलं, थोडं निवळलं, तशी ही मंडळी डोणवाडीला गेली. होडीपासून तळापर्यंत दोर सोडलेला. चैतालीने बजावलं: दोर सोडायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, काही उचलून आणायचं नाही.

खाली जाताना पाणी आधी हिरवं, मग चहासारखं, मग नुसतं गार. वर कुठे आणि खाली कुठे, तेही वैजनाथला समजेना. स्वतःच्या तोंडातले बुडबुडे जातात ती वरची बाजू, असं चैतालीने सांगितलं होतं, म्हणून तो बुडबुड्यांकडे बघत राहिला. विमान काही दिसेना. चैताली एका लांबलचक खडकाकडे हात करत होती. वैजनाथ मान हलवत होता, की हो, खडक आहे. मग तिने विजेरी फिरवली, आणि खडकाच्या कडेला ओळीने खिळे दिसले. तो पंख होता. दुसरा गाळात गेलेला. सगळं विमान एका कुशीवर झोपल्यासारखं, आणि त्याने लहानपणापासून मनात धरलेल्या विमानापेक्षा कितीतरी लहान. एवढ्याशा यंत्रात बसून माणूस समुद्रापलीकडून लढाईला आला होता?

चैताली त्याला पुढे घेऊन गेली. काचेचं झाकण खरंच मागे सरकवलेलं. आत खुर्चीचा लोखंडी सांगाडा, त्यात दोन बोटभर मासे. आणि बाजूला लोंबणारी पट्ट्याची कडी. मोडलेली नाही, तुटलेली नाही, नीट उघडलेली.

वैजनाथने हात जोडले. आता देवाघरचा माणूस असो की नसो, त्याच्या जागेपुढे उभं राहिल्यावर हात आपोआप जोडले जातात. पण हात जोडायचे तर दोर सुटतो, आणि हात जोडताना वैजनाथने नकळत दमही धरला, भरल्या छातीने. विहिरीचा कायदा. तो फुग्यासारखा वर उचलला जाऊ लागला. विमान पायाखालून निसटलं. चैतालीने त्याचा घोटा पकडून खेचलं आणि पोटात असं बोट खुपसलं की त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोटच निघाला. मग तिने त्याचे दोन्ही हात दोरावर ठेवले आणि वर येईपर्यंत आपला हात त्यावरून काढला नाही.

परतीच्या वाटेवर, चैतालीच्या गाडीत, वैजनाथला एकच घोर. आईला सांगायचं काय? सुटला म्हणावं तर ऐंशी वर्षांचं पाप तिच्या माथी. बुडाला म्हणावं तर उघडी कडी डोळ्यांपुढून हलेना. कात्रजच्या घाटात त्याने चैतालीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, तो विमानातून बाहेर पडला एवढं नक्की, काठाला लागला की नाही ते विमान कसं सांगणार?

घरी द्वारकाबाई दाराकडे तोंड करूनच बसल्या होत्या.

“होता?”

वैजनाथने खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण कुठलं खोटं ते ठरलं नव्हतं, म्हणून खरंच बोलला. खुर्ची रिकामी. झाकण उघडं. पट्टा सोडलेला. जगला की बुडाला, कळत नाही.

बाईंनी विचारलं, “पट्टा त्याने आपल्या हाताने सोडला?”

“तसंच दिसतं.”

“म्हणजे आमच्या आबांना डोकं दिसलं ते खरं. निघाला होता आमच्या काठाकडे.” बाईंनी पदर सावरला. “आपल्या दिशेने निघालेला माणूस पोचला नाही, म्हणून लगेच पितर कसा होईल? तो पाहुणा. पाहुण्याचं पान जिवंत माणसालाही चालतं. पितृपक्षातून काढा त्याला.”

मग कधी वाढायचं, असं वैजनाथने विचारलं. बाई म्हणाल्या, आमरस केलाय ना, आजच वाढा, उशीर काय कमी झालाय? पण पाहुण्याचं पान कावळ्यापुढे ठेवता येत नाही, त्यावर कोणीतरी माणूस बसायला हवा. वैजनाथला घरी सोडायला आलेली चैताली दाराशी चपला घालत होती. बाईंनी तिला परत बोलावलं आणि पाटावर बसवलं. ती बिचारी विचारत होती, की मी नक्की कोणाच्या नावाने जेवतेय? तिला कोणी धड सांगितलं नाही. सकाळपासून उपाशी होती, जेवली. रस दोनदा मागून घेतला. तिच्या घासागणिक बाईंचा चेहरा सैल होत गेला, आणि अखेर त्यांनी स्वतःसाठी ताट मागितलं.

वैजनाथ मात्र आणखीच गोंधळला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने राधाला हळूच विचारलं, “म्हणजे आपण काय धरायचं? साहेब मेला की जगला?”

राधा पुरी तळत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

“जेवला,” ती म्हणाली.