नळीखालचा स्पेनचा शिक्का

सौदीतल्या ताइफमधल्या एका खालांनी तोंड उघडलं म्हणून मी अजून इथे आहे. नाहीतर कफीलने, म्हणजे माझ्या दुकानमालकाने, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना रद्द करून मला रत्नागिरीला पाठवलंच असतं. खाला म्हणजे आमच्या एका गिऱ्हाइकाची म्हातारी आई. त्यांचं आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं आठवलं की डोकंच फिरतं.

मी सुतार, इथल्या भाषेत नज्जार. सातवीत शाळा सुटली. इथे लग्नात पुरुष ठासणीच्या बंदुकीत नुसती दारू भरतात, उंच उडी घेतात आणि पायाखाली बार काढतात. त्या बंदुकांचे फुटलेले लाकडी दस्ते मी दुकानात बदलतो. आणि प्रत्येक बंदूक म्हणे आजोबांची! चांदीची पट्टी बघतील, वजन तोलतील. नळी सोडवून खाली काय आहे ते कुणी बघायचं नाही.

या गिऱ्हाइकाच्या घरी लग्न तोंडावर आलेलं. त्याच्यासमोरच मी दस्ता सोडवला, नळी उलटी केली. खाली स्पेनचा शिक्का. नळी आतून गुळगुळीत, घोडा दाबला की पहिल्या फटक्यात ठिणगी. स्पेनचा सगळाच माल असा नसतो. काही बंदुकांचं पोलाद इतकं मऊ, की चकमक ठिणगी पाडायचं सोडून नुसते ओरखडे काढते. म्हणून मी आपला खुशीत बोललो, "मुबारक! माल स्पेनचा आहे, एक नंबर!"

झालं.

"चोरा, आजोबांची नळी कुठे विकलीस?"

"अहो, तुमच्यासमोरच तर काढली!"

"आजोबा काय स्पेनला गेले होते?"

कफील म्हणाला, "खरं सांग, नज्जार. नाहीतर खलास."

जुन्या दस्त्यात नळी परत बसवून दाखवली. खाच न् खाच जुळली. तरी ऐकेनात! शेवटी गिऱ्हाईक साक्षीला आईलाच घेऊन आलं.

खालांनी बंदूक पाहिली आणि मुलालाच झापलं. "गाढवा, आजोबांची बंदूक तुझ्या बापाने केव्हाच विकली. ही आम्ही दोघांनी बाजारातून आणली. आजोबांची म्हणायची त्यालाच हौस."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? नुसत्या उड्या मारतोस."

माझी माफी कुणी मागितली नाही. उलट, "यल्ला, दस्ता बसव, लग्न आलं!"

एवढा वेळ खाला गुडघा धरून दारात उभ्या होत्या. दुकानात बसायला धड काही नव्हतं. त्यांच्या मापाची, हाताला आधार असलेली खुर्ची मी करून देणार आहे. खाली माझं नावही कोरीन, म्हणजे पुढे कुणी ती आजोबांची म्हणायला नको.