तिचं ‘येते’

हट्ट्याच्या जुन्या बावडीसमोर, पायऱ्यांच्या विहिरीसमोर, माझी चहाची टपरी आहे. परवा माझ्याच वयाची एक बाई नागपूरहून सायकलवर आली. लांजीचा किल्ला पाहून झाला होता, आता बावडी. चहा पिताना तिचा एक हात सीटवरच होता, दमलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी विचारलं, “घरी सैपाक कोण करून राह्यलं, बाई?”

“ज्याले भूक लागते तो,” ती म्हणाली.

माझा जळफळाट झाला. दुसरा चहा मी मुद्दाम फिका दिला, तोही तिनं मिटक्या मारत प्यायला. निघताना म्हणाली, “येते.”

येते मीही म्हणते. फक्त माहेरी निघताना, तेही आधी “जाऊ का?” विचारून.