पोपटांचे दोन त्रिकोण

मुलांनो, माझ्या ताईच्या लग्नाच्या मांडवाचं क्षेत्रफळ मी अगदी बरोबर काढलं होतं. फजिती झाली ती त्यानंतर.

परवा तुम्ही पत्रात विचारलंत, ‘आजी, त्रिकोणाला निम्मं का करायचं?’ म्हणून हे आत्ताच सांगते.

मी तेव्हा इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत होते. पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीला जायचं होतं, पण माझी आजी ऐकेना. शेवटी माझे वडील, बापू, म्हणाले, “मांडवाच्या कापडाचा हिशेब हिला करू दे. बरोबर आला तर जूनमध्ये पाठवू.”

मांडवाला दोन उतारांचं छत, पुढे-मागे एकेक त्रिकोण. छताचे दोन आयत मी चुटकीसरशी सोडवले. त्रिकोणाचा पाया बारा हात, उंची चार. आमचे शिंपी रहीमचाचा दोन त्रिकोणांना दोन आयत मागत होते.

“एकच पुरे,” मी पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले (मास्तर ठेवायचे तशी). “मधून एक त्रिकोण काढा. बाजूचे दोन तुकडे जोडा, झाला दुसरा.”

“होते, बाई. पण कापडावर पोपट हायेत. दुसऱ्या त्रिकोणात थे उलटे लटकतीन.”

“चाचा, क्षेत्रफळाले पाय नसतात.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे, आणि कापड कापलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव चढला. पुढे पोपट डौलात बसलेले. मागे साठ-सत्तर पोपट खाली डोकं, वर पाय! रिसोडच्या दुकानात तो छाप संपलेला. बापू म्हणाले, “मागची बाजू गोठ्याकडे आहे. बैलांशिवाय कोण पाहतं?”

सकाळी आसेगावचं वऱ्हाड आलं. रस्त्यात गाडीचं चाक रुतलं म्हणून त्यांनी शेतातली वाट धरली आणि नवरदेवासकट थेट गोठ्याकडून आत आले.

नवरदेवाची आत्या थबकली. “काहो, लग्नाच्या मांडवात वटवाघळं कायले टांगली?”

वाजंत्री थांबली. बापूंनी पागोटं सावरलं. ताई आतून माझ्याकडे अशी बघत होती की मी खांबामागे सरकले.

तेवढ्यात आजी पुढे झाली. “पोपट हायेत ते. आमच्या घरचा रिवाज आहे. उलटे टांगले का नवरदेवाले नजर लागत नाही.”

आत्या क्षणभर वर पाहत राहिली. “आमच्याकडं नाही बा असं,” ती म्हणाली, पण आवाज मऊ झाला होता. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

वऱ्हाड परतल्यावर आजी बापूंना म्हणाली, “हिले जूनमदी अमरावतीले धाड. घरी राह्यली तर पुढच्या लग्नात नवरदेवालेच उलटा टांगन.”

मी अमरावतीला गेले ती अशी.

ताईच्या सासरी आजही प्रत्येक मांडवाच्या मागे एक कापडी पोपट उलटा टांगतात. गेल्या लग्नात तिच्या सुनेनं मला त्याचं शास्त्र नीट समजावून सांगितलं, आणि मी मान डोलावून ऐकून घेतलं.