तुम्ही मूळच्या कुठल्या?

सिंगापुरात बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायचो. मी विद्यापीठात पोस्टडॉक करत होते, माझी रूममेट दुसऱ्या एका विभागात होती. ती स्लोव्हाकियाची, पण रंगाने माझ्यासारखीच. बाजारातला भाजीवाला तिच्याशी बेधडक तमिळमध्ये बोलायचा आणि तिला ते फार आवडायचं. तिच्या गावी ती दुकानात शिरली की दुकानदार तिच्या मागे मागे फिरायचा. इथे तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती रोमा होती. लोक ज्यांना जिप्सी म्हणतात आणि म्हणताना खिसा चाचपतात, त्यांच्यातली. सिंगापुरात हे फक्त मला ठाऊक होतं.

आणि माझं फक्त तिला. मी पारधी. इंग्रजांनी आमच्या जमातीवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायद्यातून गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. आसपास कुठेही चोरी झाली की पोलीस आधी आमच्या पालांवर यायचे. आईशी फोनवर आमच्या बोलीत बोलताना मी खोलीचं दार लावून घ्यायचे. मराठी मंडळींकडे जेवायला गेलं की कुणीतरी वहिनी प्रेमाने विचारायच्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी "नगरकडची" म्हणायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत ताटं उचलायला लागायचे.

एक दिवस रूममेटच्या भावाचा फोन आला. त्याची सहा वर्षांची मुलगी चांगलं वाचत होती, तरी शाळेने तिला गतिमंद मुलांच्या वर्गात बसवलं होतं. त्या वर्गात बहुतेक सगळी रोमांचीच मुलं होती. आमच्या विद्यापीठात दुपारच्या सुट्टीत कुणालाही एखाद्या विषयावर बोलता यायचं. तिने नाव दिलं.

मी तिला परोपरीने समजावलं. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, हेच सुख आहे, म्हटलं.

"मलाही तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "पण ती सहा वर्षांची आहे. तू फक्त समोर बस."

पोस्टर लागलं. आमच्याच प्रयोगशाळेत पुण्याचे एक जण होते, मला धाकट्या बहिणीसारखं वागवायचे. जेवणाच्या रांगेत ते म्हणाले, "जिप्सी म्हणजे आपल्याकडचे पारधीच की. जाऊ ऐकायला, फक्त पाकीट घरी ठेवून." आणि हसले. माझ्या हातातल्या ट्रेवर सूप सांडलं. त्यांनीच धावत जाऊन टिश्यू आणून दिले.

 भाषणाच्या दिवशी सभागृहात मी पहिल्या रांगेत बसले. पुण्याचे ते दोन रांगा मागे. ती बोलली, भाचीचं सांगितलं. मग रोमांचे पूर्वज भारतातूनच गेले म्हणत तिच्या भाषेतले शब्द म्हणून दाखवले: पानी, नाख, कान, मानुष. मागे कुणीतरी मराठीत कुजबुजलं, मी वळले नाही.

शेवटी त्यांनीच प्रश्न विचारला, अगदी सभ्यपणे. युरोपात त्यांचं पाकीट मारलं गेलं होतं, तिथल्या सगळ्यांनी जिप्सींचंच नाव घेतलं. सगळेच खोटं बोलत असतील का?

ती हातातले कागद उलटत राहिली. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुधा मी मान खाली घातली असती. मी उभी राहिले. 

"मी पारधी आहे," मी म्हणाले. "आमच्याबद्दलही असंच म्हणतात. तुमचं पाकीट ज्याने मारलं त्याला जरूर शोधा. सहा वर्षांच्या मुलीला त्याची शिक्षा कशाला?"

मी बोलले इंग्रजीतच. पण 'पारधी' हा एक शब्द त्या सभागृहात फक्त मराठी माणसांना कळला आणि मला त्यांचीच भीती होती. प्रश्न विचारणारे ते खाली बसले. 

संध्याकाळी आईला सांगितलं.  ती हळूच म्हणाली, "गावाचं नाव नाही ना सांगितलंस? तुझ्या तिकडचे पोलीस कसे आहेत?" इथे पोलीस असे घरी येत नाहीत, मी म्हटलं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. जाळीच्या फाटकाबाहेर गणवेशातला माणूस उभा होता. मी काही न विचारता पर्समधून इथे राहण्याचा पास काढला. रूममेट आतून पासपोर्ट घेऊन आली. दोघी ती कागदपत्रं पुढे धरून उभ्या राहिलो. तो गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. तो डेंग्यूच्या तपासणीला आला होता, कुंड्यांखाली पाणी साचलंय का ते बघायला. तुळशीखालची बशी त्याने उपडी केली, "पाणी साचू देऊ नका, लाह," असं इथल्या लकबीत म्हणाला आणि गेला. ती तिथेच जमिनीवर बसली. मी चहा टाकला.

पुण्याच्या त्या सद्गृहस्थांनी पुढच्या आठवड्यात येऊन "मला माहीत नव्हतं" एवढंच सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी इंग्रजीतच बोलू लागले. भाची वर्षभर त्याच वर्गात राहिली. मग भावाने तिला शेजारच्या गावातल्या शाळेत घातलं. पुढे शहराच्या तोआ पायोह भागातल्या एका सभागृहात रूममेटला पुन्हा बोलायला बोलावलं आणि या वेळी तिच्या शेजारी माझीही खुर्ची होती. दुसऱ्या खेपेला भीती कमी असेल असं मला वाटलं होतं. ती तेवढीच होती.